रोजच्या रपेटीला घोडीला बूट कोणते?

आमची घोडी मागचे पाय फार जवळ टाकते. दुडक्या चालीत एका पायाची नाल दुसऱ्याच्या खुरावरच्या सांध्याला आतून घासते. तिथले केस उडालेले दिसले की समजायचं. अशीला साधे ब्रशिंग बूट (आतल्या बाजूला जाड गादी असलेले) पुरतात. पुढून उघडे टेंडन बूट (पायामागच्या कंडरा, म्हणजे स्नायूंच्या दोऱ्या, जपणारे) उड्या मारणाऱ्या घोड्यांसाठी. मागची टाप पुढच्या टाचेवर बसत असेल तर खुरावर घंटेसारखे बसणारे बेल बूट. चारही पायांना सगळंच चढवायची हौस मला काही पटत नाही (फोटो छान येतात, हे मान्य).

निओप्रीन (रबरी कापड) धुवायला सोपं, पण पुण्याच्या एप्रिलात आत पाय उकडून निघतो. गुडघ्याखाली मांस जवळजवळ नसतंच, कातडीखाली थेट कंडरा आणि हाड. आणि कंडरांना उष्णता मानवत नाही. म्हणून मी हवेशीर जाळीचे घेतले. रपेट संपली की आधी बूट काढते, खोगीर नंतर.

आमचे सईसकाका बूट चढवण्याआधी पायावरून तळहात फिरवतात. वाळूचे चार कण राहिले तरी सोलवटतं. बूट जरा वर लावून खाली सरकवायचा, म्हणजे केस सरळ बसतात. पट्टे बाहेरच्या बाजूला, टोकं मागे. आत एक बोट जेमतेम जावं.