एक ओळ वर

आयुष्यात पहिल्यांदा बर्फ पाहिला त्या दिवशी माणसाने बर्फाविषयी लिहावे. मी मात्र भाड्याने स्की देतात तिथल्या भिंतीवरच्या एका तक्त्याविषयी लिहायला बसले आहे, कारण सकाळपासून तो डोक्यातून जायला तयार नाही.

घडले ते इतकेच. बुटांची मापे झाल्यावर तिथल्या तरुणाने प्रत्येकाला उंची, वजन आणि वय विचारले. माझ्या उंची-वजनावरून त्याचे बोट तक्त्यातल्या एका ओळीवर जाऊन थांबले. मग वय ऐकून त्याने ते बोट एक ओळ वर सरकवले, बाइंडिंगचा, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीचा, स्क्रू थोडा सैल केला आणि स्की माझ्यापुढे ठेवली. वर कशासाठी, असे मी विचारले. तो अगदी सरळपणे म्हणाला की पन्नाशी गाठलेल्यांना आणि नऊ वर्षांपर्यंतच्या मुलांना एक ओळ वर घ्यायचे असते, म्हणजे पडल्यावर बूट लवकर सुटतो. माझ्यामागे ओवीची पाळी होती आणि तिच्यासाठीही बोट तसेच वर गेले. मिलिंद, सायली आणि समीर यांच्या वेळी ते होते तिथेच राहिले.

यात वाईट वाटण्यासारखे काय आहे, हे मी दिवसभर स्वतःला विचारते आहे. वय लपवण्याची मला कधीच सवय नव्हती. कोणी विचारले तर मी पटकन सांगते. पण आजवर वय नुसते सांगायचे होते. आज ते ऐकून कोणीतरी लगेच हातात स्क्रू ड्रायव्हर घेतला, आणि त्या सैलपणाचा आकडा बाइंडिंगवरच्या इवल्याशा खिडकीत दिसू लागला. स्की खांद्यावर घेऊन उतारापर्यंत चालत गेले तेव्हा तो आकडा माझ्या गालाशी होता. आपल्यात जपायचे कोणाला, हे घरात कोणी कधी बोलून दाखवले नव्हते आणि एका छापील कागदाने ते सर्वांसमोर ठरवून टाकले, असे मला वाटत राहिले. आईच्या खुब्याच्या वेळी डॉक्टर हाडांविषयी जे म्हणाले होते तेही तिथेच, रांगेत उभी असताना आठवले. त्याबद्दल आज लिहीत नाही.

बर्फाविषयी थोडे लिहून ठेवते, नाहीतर पुढे वाचताना चुकल्यासारखे वाटेल. ओवीला गोळे करून समीरला मारायचे होते, पण सकाळचा बर्फ इतका कोरडा होता की मुठीत कितीही दाबला तरी धरत नव्हता. थंडी फार असली की कणांना एकमेकांशी बांधणारा पाण्याचा अंश त्यात नसतो, असे प्रशिक्षकाने तिला समजावले आणि दुपारपर्यंत थांबायला सांगितले. आणि खरोखरच ऊन चढल्यावर त्याच बर्फाचे घट्ट गोळे वळू लागले. माझ्या काळ्या बाहीवर एक कण येऊन बसला होता. सहा टोके, प्रत्येक टोकाला पुन्हा बारीक फांद्या, आणि मधोमध काचेसारखी स्वच्छ षटकोनी चकती. नीट पाहावे म्हणून मी हात जवळ आणला आणि माझ्या श्वासाने तो विरघळला.

दुपारी मिलिंद आणि समीर खुर्च्यांच्या लिफ्टने वरच्या उतारावर गेले. जाताना मिलिंद म्हणाला, “ताई, तू ओवीजवळ थांब, तुम्हा दोघींचे इथे छान चालले आहे.” त्याच्या मनात काहीही नव्हते, हे मला पुरते ठाऊक आहे. पण सकाळच्या त्या बोटानंतर ते वाक्य मला जसे लागायला नको होते तसेच लागले. नवशिक्यांच्या उतारावर वर नेणारा एक सरकता पट्टा असतो. त्याच्यावर ओवीच्या मागे उभी राहून मी वर जात होते आणि मनात सारखे येत होते की दुसरी ओळ, दुसरा उतार, आता यापुढे हे असेच होत जाणार. समीर वर जाताना वळून काय म्हणाला ते मी नीट ऐकलेसुद्धा नाही.

आणि मग मी पडले. स्कींची पुढची टोके जवळ आणि मागची दूर ठेवून सावकाश उतरत होते; उजवीकडे वळताना वजन चुकीच्या पायावर राहिले, एक स्की आत वळली आणि शरीर दुसरीकडे गेले. गुडघ्याला पीळ बसतो आहे हे कळले न कळले तोच खट् असा आवाज झाला आणि पाय मोकळा झाला. स्कीच्या बाजूचे दोन दांडे आपोआप खाली येऊन बर्फात रुतले, त्यामुळे ती घसरत गेली नाही, हातभर अंतरावर थांबली. मी बसून पाय हलवून पाहिला. काही दुखत नव्हते. तो पीळ पुढे माझ्या नडगीपर्यंत पोहोचलाच नव्हता, मधेच कुठेतरी सोडून दिला गेला होता.

परत स्की चढवणे हे एक वेगळेच काम आहे. ती उताराला आडवी ठेवायची, म्हणजे पाय ठेवताच पळत नाही. उताराच्या खालच्या बाजूचा पाय आधी घ्यायचा. बुटाच्या तळव्यात दाबून बसलेला बर्फ पोलच्या, म्हणजे हातातल्या काठीच्या, टोकाने खरवडून काढायचा, कारण तो राहिला तर पकड नीट बसत नाही. मग पंजा पुढच्या पकडीत सरकवून टाच जोरात खाली दाबायची. मी हे सगळे करत असताना शेजारी ओवी पडली आणि तिचीही स्की सुटली. “आत्या, आपल्या दोघींचे सारखेच आहे,” ती म्हणाली, आणि तिच्या सुरात मोठी फुशारकी होती. तिची टाच बसेपर्यंत मी स्की धरून ठेवली.

संध्याकाळी खोलीवर आल्यावर मी या बाइंडिंगविषयी वाचत बसले. त्या तरुणाने बोट सरकवले ते मनाने नव्हते. स्की, बूट आणि बाइंडिंग एकमेकांना कसे जुळवायचे यासाठी आयएसओ ११०८८ नावाचे आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि तक्ता त्यावरून येतो. किती जोराचा पीळ बसला की बूट सोडायचा, हे तो आकडा ठरवतो. तो जास्त ठेवला तर हाड मोडते आणि फार कमी ठेवला तर भर वळणावर स्की कारण नसताना निसटते, म्हणजे सैल तेवढे बरे असेही नाही. पूर्वी पाय स्कीला नुसता जखडलेला असे. नॉर्वेत जन्मलेला आणि अमेरिकेत ऑरेगनमध्ये राहणारा हियाल्मार वाम नावाचा नावाजलेला स्कीपटू १९३७ मध्ये माउंट हूडवर पाय मोडून घेऊन रुग्णालयात पडला, आणि तिथेच त्याने पडताना बूट सोडून देणाऱ्या पकडीची कल्पना मांडली. १९७० नंतर अशा पकडी सुधारत गेल्या तशी नडगी मोडण्याची प्रकरणे खूप कमी झाली. गुडघ्याच्या आतल्या बंधांना मात्र तेवढे संरक्षण अजून मिळालेले नाही. हे शेवटचे वाक्य वाचून मी गुडघा पुन्हा एकदा वाकवून पाहिला.

सुटण्याची ही युक्ती एका धडधाकट, पट्टीच्या स्कीपटूला स्वतःच्या मोडलेल्या पायाकडे पाहून सुचली, हे कळल्यावर मनावरचे थोडे ओझे उतरले, हे मान्य करायला हवे. तक्त्यात सगळेच आहेत, समीरसुद्धा. ज्याची त्याची ओळ वेगळी. माझे हाड पूर्वीइतके सोसणार नाही ही वस्तुस्थिती आहे, आणि ती तक्त्यामुळे झालेली नाही. तरी पूर्ण समाधान झाले, असे लिहिणार नाही. बोट वर सरकले तो क्षण अजूनही बोचतो. फक्त आता त्याच्या शेजारी तो खट् आवाजही आहे.

जेवताना मी ओळीचा विषय काढला, तेव्हा मिलिंदला भलताच उत्साह आला. स्की करणाऱ्याचा प्रकार आपला आपणच सांगायचा असतो: सौम्य उतारावर सावकाश जाणारे ते एक, तीव्र उतारावर वेगाने जाणारे ते तीन, आणि मधले सगळे दोन. एक म्हटले तर ओळ बदलत नाही, दोन म्हटले की ती एकाने खाली येते. “मग ताई, उद्या तू दोन लिही, तुझी ओळ आपोआप जागेवर येईल,” तो म्हणाला. हिशोब अचूक आहे. वयाने वर गेलेले बोट माझ्या एका शब्दाने परत खाली आणता येते, आणि ते करून घेण्याचा मोह मला पाच-दहा मिनिटे तरी होता.

पण डावीकडे मी आता बरी वळते, उजवीकडे अजून वजन मागे राहते आणि वेग वाढला की थांबता येत नाही. हे सावकाश जाणाऱ्याचेच वर्णन आहे. मी उद्या एकच लिहिणार आहे. मिलिंद स्वतःसाठी दोन लिहायचे म्हणतो आहे, आणि वरच्या उतारावर तो बराचसा बसूनच खाली आला, असे समीरने मला हळूच सांगितले आहे. सकाळी रांगेत उभे राहण्याआधी त्याला बाजूला घेऊन बोलायला हवे.