केबल तुटली त्या दुपारी

३० जानेवारी २००८, बुधवार. मी तेव्हा हिंजवडीतल्या एका बीपीओत, म्हणजे परदेशी कंपन्यांचे कॉल घेणाऱ्या कॉल सेंटरमध्ये, नेटवर्कला होतो. यूकेच्या ग्राहकांचं काम, त्यामुळे दुपारी दीडला फ्लोर भरायचा, तिकडे सकाळचे आठ वाजलेले असायचे. त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास आमची एक लिंक, म्हणजे यूकेशी जोडणारी लाइन, पडली, पण फार काही वाटलं नाही, दुसरीवर ट्रॅफिक टाकला, ती त्यासाठीच तर घेतलेली. कंपनी वेगळी, करार वेगळा, क्लायंटचे ऑडिटर येऊन टिक करून गेलेले.

दीडला लॉगिन सुरू झाले आणि तेवढ्यात दुसरीही गेली.

एक टीएल, म्हणजे टीम लीडर, धावतच आत आली, "अरे काय झालं, माझी पोरं नुसती हॅलो हॅलो करतायत!" मी राउटर बघितला, आमच्याकडचं सगळं व्यवस्थित. प्रोव्हायडरला फोन लावला तर लाइन एंगेज, शेवटी लागला तेव्हा पलीकडचा म्हणाला की इजिप्तजवळ समुद्रात केबल तुटल्यात, दोन. अलेक्झांड्रियाच्या बाजूला. आमच्या दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या दोन लिंक त्याच समुद्रातनं जात होत्या आणि हे आमच्यापैकी कुणी कधी विचारलंच नव्हतं.

फ्लोरवर गेलो. दोनशे लोकं हेडसेट लावून बसलीयत आणि एकही आवाज नाही. एरवी तिथे शेजारच्याशी बोलायचं तरी ओरडावं लागायचं. कॉल क्लायंटने यूकेतच वळवून घेतले होते. एक मुलगी, तीन महिन्यांपूर्वीच लागलेली, हळूच म्हणाली, "सर, कॅब परत पाठवणार का? आजचा दिवस भरणार ना?" मला काय उत्तर द्यावं ते कळेना.

आमचे सीनियर नव्वदच्या दशकात सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क या सरकारी संस्थेच्या सॅटेलाइट डिशवर काम केलेले. ते म्हणाले, तेव्हा ६४ केबीपीएसची, म्हणजे अगदी बारीक, लिंक मिळाली तरी मोठी गोष्ट वाटायची, उपग्रह ३६ हजार किलोमीटर वर, प्रश्न जाऊन उत्तर यायला अर्धा सेकंद सहज जायचा. कोड पाठवायला चालायचं, डॉक्टरांचं डिक्टेशन टाइप करून सकाळपर्यंत परत द्यायला चालायचं, पण माणसाशी नीट बोलायला नाही. म्हणून एवढ्या मोठ्या प्रमाणावर कॉल घ्यायचं काम इथे आलं ते समुद्रातल्या फायबरच्या केबलमुळे. २००२ मध्ये परदेशी फोनवरची व्हीएसएनएल या कंपनीची मक्तेदारी संपली, डॉटकॉम कंपन्या बुडाल्यावर आधीच टाकून ठेवलेलं फायबर स्वस्तात मिळायला लागलं आणि मग हे फ्लोर भरले. आपली पोरं इंग्रजी बोलतात, पगार कमी, हे खरंच आहे, पण मला विचाराल तर तेवढ्यावर हा धंदा एवढा वाढला नसता.

रात्री आठच्या सुमारास प्रोव्हायडरने थोडी बँडविड्थ उलट्या बाजूने दिली, चेन्नई, सिंगापूर, मग पॅसिफिक ओलांडून अमेरिका आणि तिथनं लंडन. पिंग टाकला, म्हणजे सिग्नल जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते मोजलं, तर एरवीचे दीडशे मिलिसेकंद चारशेच्या वर गेलेले. पन्नास सीट चालू केल्या. आवाज स्वच्छ होता, पण उशिरा पोचायचा, त्यामुळे कस्टमर आणि एजंट एकदम बोलायचे, मग दोघंही एकदम थांबायचे, मग परत एकदम. एक बाई चिडून म्हणाली की तुम्ही माझं ऐकूनच घेत नाही, आणि तो पोरगा बिचारा इतकं मन लावून ऐकत होता.

तेव्हा त्या टीएलने काय केलं तर प्रत्येक सीटमागे उभं राहून सांगत फिरली, "कस्टमरचं बोलून झालं ना, की मनात एक, दोन म्हण, मग बोल." स्वतः एकाच्या खांद्यावर बोटाने एक, दोन टकटक करून दाखवत होती. हँडल टाइम, म्हणजे एका कॉलला लागणारा वेळ, वाढला पण भांडणं थांबली. ही गोष्ट माझ्या कुठल्याच मॅन्युअलमध्ये नव्हती.

दोन दिवसांनी दुबईजवळ आणखी एक केबल तुटली, ती कुठल्याशा जहाजाच्या टाकून दिलेल्या नांगराने, पाच-सहा टनांचा नांगर सापडला तिथे. अलेक्झांड्रियालाही नांगरानेच तुटली असं आधी सगळे म्हणत होते, पण इजिप्त सरकारने सांगितलं की त्या वेळी तिथनं एकही जहाज गेलेलं नाही. दुरुस्ती व्हायला फेब्रुवारीचा दुसरा आठवडा उजाडला, तोवर आम्ही एक, दोन मोजूनच काम केलं.

नंतर तिसरी लिंक घेतली, पॅसिफिककडनं जाणारी. त्या मीटिंगमध्ये सेल्सवाला अपटाइमचे, म्हणजे लिंक किती वेळ चालू राहते त्याचे, आकडे दाखवत होता, मी त्याला थांबवून म्हटलं, नकाशा आणा, तुमची केबल कुठनं कुठनं जाते आणि किनाऱ्याला कुठे कुठे लागते ते दाखवा. त्याच्याकडे नव्हता. आठवड्याने घेऊन आला, तेव्हाच सही केली.