बाबांचं अडेनियम

उरुळी कांचनला आमची छोटी रोपवाटिका आहे. गेल्या भाद्रपदात एक ताई रिक्षातून भलीमोठी कुंडी घेऊन आल्या. अडेनियम होतं, वीस वर्षं जपलेलं. वडील गेले आणि कुंडी गच्चीवर पावसातच राहिली. खोडाच्या फुगीर बुडावर, म्हणजे गड्ड्यावर, अंगठा दाबला तर तो आत रुतला.

हे झाड मूळ आफ्रिका-अरबस्तानातलं. गड्ड्यात पाणी साठवून कोरडे महिने काढतं, पण मुळाशी ओल साचली की आतून कुजतं. मी खोड खालून वर कापत गेलो. दर कापाला मधोमध तपकिरी डाग. ताईंनी मान फिरवली. शेवटी शेंड्याकडच्या दोन काड्या पांढऱ्याशुभ्र निघाल्या. विषारी चीक पुसून त्यांची आमच्याकडच्या खुंटांवर, म्हणजे दुसऱ्या अडेनियमच्या मुळासकट बुंध्यांवर, पाचर कलमं बांधली.

एका फांदीला शिंगांसारखी शेंगांची जोडी होती, जवळजवळ पिकलेली. ती फांदी तशीच सावलीत टांगली आणि शेंगांना दोरा गुंडाळला. दोरा नसला तर शेंग उलताच बी वाऱ्यावर जातं. रुईच्या म्हातारीला एकाच टोकाला झुबका असतो, याला दोन्ही टोकांना.

सातव्या दिवशी शेंगा उलल्या. कोकोपीट आणि जाड वाळूत 31 बिया आडव्या टाकल्या. ताजं बी होतं, पाचव्या दिवशी 26 कोंब वर आले. त्यातले तीन रोपमरीत, म्हणजे बुरशीने बुडाशी कुजून, गेले.

ताईंना फोन केला. त्यांचा पहिला प्रश्न, "दादा, फूल तेच येईल ना? ते काळपट लाल?"

"नाही ताई. बियांतून रंग बदलतो. तेच फूल कलमाला येईल, पण तिथं गड्डा दुसऱ्या झाडाचा."

हे सांगणं जड गेलं. या धंद्यात "हो, येईल की" म्हणून मोकळं होणारे पुष्कळ आहेत. निळ्या अडेनियमचं बी म्हणून पाकिटं विकतात, आणि निळं अडेनियम मुळात नसतंच! झाडावर जीव असलेल्या माणसाला असं फसवणं मला पाप वाटतं.

"मग बाबांचं झाड कोणतं धरायचं?" मला उत्तर देता आलं नाही.

दिवाळीनंतर त्या आल्या. कलमांना नवी पानं होती. रोपांच्या बुडाशी शेंगदाण्याएवढे गड्डे धरले होते. ताईंनी कलमांकडे नुसतं पाहिलं, मग ट्रेपाशी बसून एका गड्ड्यावर हळूच बोट दाबलं. घट्ट होता.