चाक फिरवून बघावं

दुपारी नात झोपली की मी बाबागाडी जिन्याखाली उलटी करून ठेवतो. ठेवताना धक्का लागतो आणि पुढचं डावं चाक बराच वेळ आपलं आपणच फिरत राहतं. आज ते थांबेपर्यंत बघत बसलो. वर चहा गार झाला.

ही खोड वडिलांची. मिरजेला त्यांचं सायकलचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, दोन फळ्या, एक पंप आणि कडुनिंबाची सावली. सायकल सीट-हँडलवर उलटी उभी करायची, चाक गरकन फिरवायचं आणि रिमजवळ अंगठ्याचं नख धरायचं. नख जिथं घासलं तिथं चाक आऊट, म्हणजे वाकडं. मग चावीनं स्पोक पिळत बसायचं. माझ्याकडं घमेलं आणि रॉकेलची वाटी. घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधायचे, वाटीत चाकाच्या आसाभोवतीचे छर्रे धुवायचे. एकदा एक छर्रा माझ्या हातून गटारात गेला. मी न सांगता उरलेल्यांवर ग्रीस थापून चाक बसवून दिलं. वडिलांनी ते एकदाच फिरवलं, कान लावला आणि म्हणाले, "एक कमी असला तरी चाक फिरतंय रे, पण बोलतंय."

तर अशा माणसाला लेकीनं बाबागाडी घ्यायला बरोबर नेऊ नये. कर्वे रस्त्यावरच्या दुकानात पहिली गाडी समोर आली, मी ती उचलली आणि उलटी केली. "काका, काका!" करत दुकानातला पोरगा धावला. तो बिचारा मच्छरदाणी, खेळणी अडकवायची दांडी, चहाचा कप ठेवायची जागा दाखवत होता. मी विचारलं, "छर्रे आहेत का नुसता बुश?" त्यानं लेकीकडं पाहिलं. लेकीनं छताकडं.

तिची यादी फोनमध्ये होती. पाच पट्टे हवेत, पाठ आडवी व्हायला हवी, एका हातानं मिटायला हवी. आणि मुख्य म्हणजे हलकी हवी, कारण आम्ही दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. ती म्हणाली, "बाबा, रोज फिरवायची म्हणजे रोज उचलायची." यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. १७३३ साली विल्यम केंट नावाच्या इंग्रजानं एका ड्यूकच्या पोरांसाठी पहिली म्हणतात ती बाबागाडी केली. ती बोकडानं किंवा शिंगरानं ओढायची होती, त्यामुळं वजनाची फिकीर नव्हती. पुढं ओवेन मॅक्लारेननं, म्हणजे ज्यानं स्पिटफायर विमानाच्या मिटणाऱ्या चाकांवर काम केलं होतं त्यानं, अवजड गाडीपायी लेकीची होणारी त्रेधा पाहिली आणि १९६५ मध्ये छत्रीसारखी मिटणारी गाडी काढली. वजन जेमतेम पावणेतीन किलो. मला हा माणूस फार आवडतो. पण त्या जातीच्या गाड्यांची चाकं पेढ्याएवढी, आणि आमच्या गल्लीतल्या चेंबरच्या झाकणांत पेढा सहज अडकतो.

शेवटी घेतली ती साडेआठ किलोची. मागची चाकं मोठी, पुढची फिरणारी, पण खडबडीत जागी खटका दाबून सरळ धरता येणारी. चाकाजवळ स्प्रिंगा. हँडल मला वाकावं न लागेल इतकं उंच. टायर फोमचे, म्हणजे पंक्चर नाही. हे ऐकून लेक खूश झाली. मला उगाच थोडं वाईट वाटलं. पहिल्याच आठवड्यात आमच्या हिनं हँडलला भाजीची पिशवी अडकवली, नातीला उचलून घेतलं आणि गाडी भाजीसकट उताणी. गाडीला काही झालं नाही, टोमॅटो गेले.

फूटपाथची उंची फार तर १५० मिलिमीटर असावी, चालायला १.८ मीटर मोकळी जागा असावी, असं इंडियन रोड्स काँग्रेसनं लिहून ठेवलंय. आमच्या फाटकासमोरची पायरी मी वीत लावून मोजली. एक वीत आणि वर चार बोटं. गाडी मागं रेलवून चढवायची, वीस पावलं चालायचं, मग विजेच्या डीपीचा डबा, की उतरवायची. तेवढ्यासाठी कधीकधी रिक्षा करून जंगली महाराज रस्त्यावर जातो. तिथला फूटपाथ रुंद, ऐसपैस. गाडी एका बोटानं चालते.

आणि तिथं ही बया टक्क जागी. डोळे वटारून वडापिंपळ बघते, कुत्री बघते, मला बघते, पण झोपेचं नाव नाही. झोपते कुठं, तर आमच्या गल्लीत, किराणा दुकानापासून डीपीच्या अलीकडपर्यंत, जिथं पेव्हर ब्लॉक निम्मे उखडलेत. खडखड सुरू झाली की तिसऱ्या मिनिटाला मान कलंडते. चाकाला कान लावून, स्प्रिंगा दाबून पाहून घेतलेली गाडी, आणि मी रोज सकाळी तेवढ्याच वीस पावलांत तिला पुढं-मागं करत असतो. वॉचमननं एकदा विचारलं, "काका, काही हरवलंय का?"

परवा तिथं चुन्याच्या खुणा दिसल्या. तो पट्टा उखडून गुळगुळीत करणार आहेत म्हणे, दिवाळीच्या आत. बघू.