डालड्याच्या डब्यातला वॉशर

गेल्या महिन्यात कराडचे घर आवरताना माळ्यावर डालड्याचा एक जुना डबा सापडला. स्टोव्हच्या पिनांची कागदी पुडी, चामड्याचे दोन वॉशर, फ्यूजच्या तारेची गुंडाळी, सायकलच्या ट्यूबचे कापून ठेवलेले तुकडे आणि मूठ तुटलेली पक्कड असा त्यातला ऐवज होता. मदतीला आलेला माझा भाचा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. त्याने वाटीसारखा तो वॉशर उलटापालटा करून पाहिला आणि विचारले, "मावशी, हे कशाचं झाकण?"

डबा अण्णांचा असावा असे त्याला वाटले, पण तो आईचा होता. आमच्या घरी स्टोव्हची सगळी दुरुस्ती आईच करायची, आणि तरीही घरात 'हात चालणारा माणूस' म्हणून नाव होते ते अण्णांचे, कारण महिन्यातून एकदा ते टेबलावर चढून फ्यूज बांधायचे.

बिनवातीचा, पंपाचा स्टोव्ह हे मुळात स्वीडनचे अपत्य. फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट याने 1892 च्या सुमारास तो तयार केला आणि 'प्रायमस' या नावाने तो जगभर गेला. सातवी शिकलेल्या माझ्या आईला यातले काहीच ठाऊक नव्हते, पण त्या यंत्राचे शास्त्र तिला पुरते कळलेले होते. स्पिरिटमध्ये भिजवलेला काकडा पेटवून आधी बर्नर तापवायचा आणि मग पंप मारायचा, म्हणजे टाकीतल्या हवेच्या दाबाने रॉकेल वर चढते, तापलेल्या बर्नरमध्ये त्याची वाफ होते आणि ती निपलच्या बारीक भोकातून बाहेर पडून निळी जळते. बर्नर पुरेसा तापला नसेल तर वाफेऐवजी रॉकेलच उसळते आणि स्टोव्ह भडकतो. आवाज फाटला की भोकात काजळी अडकली, म्हणजे पिन मारायची. पंप मारताना हाताला काहीच जोर लागेना, तर आतला चामड्याचा वॉशर सुकून आकसला, म्हणजे तो काढून रात्रभर तेलात फुगत ठेवायचा. हे निदान ती भाकरी थापता थापता, नुसत्या कानाने करीत असे.

त्या काळाचे गोडवे गाण्याची माझी इच्छा नाही. स्टोव्हच्या भडक्याने बायका भाजल्याच्या बातम्या वाचतच आम्ही मोठ्या झालो, आणि त्यातला प्रत्येक भडका अपघाताचा नव्हता हेही सगळ्यांना कळत होते. गॅस आला तेव्हा आईने सुटकेचा नि:श्वास टाकला, तो योग्यच होता. फ्यूजचेही तसेच. तार वारंवार वितळते म्हणून शेजारच्या एका गृहस्थांनी जाड तांब्याची तार बांधून टाकली होती. भार वाढल्यावर वितळणे हेच फ्यूजच्या तारेचे काम असते, हे त्यांना भिंतीतली वायर जळाल्यावर समजले. भार वाढला की आपोआप वीज तोडणारी आजची एमसीबी त्या उद्योगापेक्षा कितीतरी बरी.

मला सलतो तो वेगळा प्रश्न. आईला येत होते ते मला का आले नाही? नव्या पिढीच्या आळसाला दोष देणे सोपे आहे, पण मी स्टोव्हजवळ बसले की आई म्हणायची, "तू अभ्यास कर, तुला हे करायची वेळ येऊ नये." कौशल्य हरवले नाही, ते आम्हांला प्रेमाने, विचारपूर्वक नाकारले गेले. बलुतेदारीच्या समाजात हाताचे काम जातीला आणि जात पायरीला जोडलेली असल्यामुळे वर चढणे म्हणजे हात स्वच्छ राखणे, हे समीकरण आमच्या हाडीमाशी खिळले होते.

शाळेनेही त्याला हातभार लावला. वर्ध्याला 1937 साली भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला, पुढे कोठारी आयोगाने कार्यानुभवाची शिफारस केली, आणि आमच्या वर्गापर्यंत पोचेस्तोवर त्याची कागदी फुले झाली. तीही आदल्या रात्री आयांनी केलेली. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये सुरू केलेल्या विज्ञान आश्रमात मुले वेल्डिंग, वायरिंग, शेती प्रत्यक्ष करीत शिकतात आणि तो अभ्यासक्रम काही शाळांतही पोचला आहे. पण असे काही शिकायला शहाण्या घरची मुले कुठे जातात?

दोन वर्षांपूर्वी माझा मिक्सर बंद पडला. सेवा केंद्रातल्या तरुणाने तो उघडूनही न पाहता मोटार गेल्याचे सांगितले आणि नवा घेण्याचा सल्ला दिला. शेवटी मंडईमागच्या एका म्हाताऱ्या कारागिराने मोटारीतले झिजलेले दोन कार्बन बदलून तो दहा मिनिटांत चालू करून दिला. कौशल्य समाजातून नाहीसे झालेले नाही, हे मला त्या दिवशी दिसले. ते घराघरांतून निघून एका टपरीत गोळा झाले आहे, आणि त्या टपरीत त्याचा मुलगा बसत नाही. तो बँकेच्या परीक्षा देतो, असे त्याने मला अभिमानाने सांगितले. त्याचा अभिमान मला आईच्या वाक्यासारखाच वाटला.

पुढची गोष्ट भाच्याने केली. त्याने माळ्यावरून पितळी स्टोव्हही शोधून काढला आणि मला आठवेल तसे मी सांगत गेले. वॉशर रात्रभर खोबरेल तेलात ठेवला. सकाळी तो मऊ होऊन फुगला होता. पंपात बसवून पाहिल्यावर दट्ट्या दाबताना हाताला जोर लागू लागला, पण दाब टिकेना. रॉकेल आता कुठे मिळते, हे आम्हां दोघांनाही ठाऊक नव्हते. मग रिकामा स्टोव्हच त्याने पाण्याच्या घमेल्यात बुडवला, सायकलचे पंक्चर पाहतात तसा, आणि हवा भरू लागला. बुडबुडे बर्नरखालच्या आट्यांतून येत होते. तिथे आई साबण लावायची की सुतळी गुंडाळायची, हे मला काही केल्या आठवेना.