पाव डॉलरचा पाढा

कंबोडियातल्या बट्टमबांगच्या बाजारात एका दुपारी आंबेवालीने माझी एक डॉलरची नोट परत केली. आधी तिने ती दोन्ही हातांत ताणून पाहिली, मग उजेडाकडे धरली, आणि वरच्या कडेची नखाएवढी चीर मला बोटाने दाखवली. बोलली काहीच नाही, हसली मात्र. मी दुसरी काढली. तिच्यावर कुणीतरी निळ्या शाईने बारीकसं काही खरडलं होतं. तीही परत. तिसरी पास झाली. मग तिने मोड दिली ती रिएलमध्ये, म्हणजे तिकडच्या स्वतःच्या चलनात. घामेजलेल्या, चुरगळलेल्या, कोपरे झिजलेल्या नोटा. त्यातली एक तर निव्वळ चिकटपट्टीवर जगत होती. त्या मी घेणार नाही अशी शंका तिला आली नाही आणि नाकाराव्यात असं मलाही सुचलं नाही. मुकाट्याने पाकिटात घातल्या.

सोबत थोरल्या नणंदबाई होत्या. ताई बँकेतून कॅशियर म्हणून निवृत्त झाल्या, त्यांना हे फार लागलं. “अगं, आम्ही दोन तुकडे झालेली नोटसुद्धा बदलून द्यायचो. ही काय फाटलेली म्हणायची?” असं म्हणत त्यांनी तिथेच, आंब्याच्या पाट्यांशेजारी उकिडवं बसून, आपल्या पर्समधल्या सगळ्या डॉलरची तपासणी केली. बोटाला थुंकी न लावता इतक्या वेगाने नोटा मोजणारी बाई मी दुसरी पाहिलेली नाही. आंबेवालीनेही पाहिली नसावी, कारण तिने गिऱ्हाईक सोडून हा खेळ बघितला आणि आम्हाला कैरीच्या फोडी तिखटमीठ लावून फुकट दिल्या. कैरीला तिखटमीठ लावणारा देश परका कसा म्हणायचा, असं ताई म्हणाल्या. नोटेचं दुःख तिथे संपलं.

त्या बाईचंही खरंच होतं. चिरलेला डॉलर तिच्याकडून पुढे कुणी घेत नाही, बँकही कां-कू करते. रिएलचं तसं नाही. घरच्या माणसाचा सदरा उसवलेला असला तर कोण बघतं?

कंबोडियात ही दोन चलनं एका संसारात नांदतात. 1 डॉलरला साधारण 4000 रिएल. नाणी वापरात नाहीत, सेंट तर कुणाच्या गल्ल्यातच नसतात, त्यामुळे डॉलरच्या खालचं सगळं रिएलमध्ये. 3000 ची वस्तू घेऊन डॉलर दिला की 1000 परत. पहिल्यांदा हे गणित डोक्यात शिरत नाही. आपल्याला मुळात रुपयांत विचार करायचा असतो, म्हणजे रिएलचे डॉलर आणि डॉलरचे रुपये असा दोनदा गुणाकार, तोही उन्हात उभं राहून आणि समोर कुणीतरी “बोंग, बोंग” (म्हणजे ताई किंवा दादा) अशी हाक मारत असताना. मी मोबाइलवर आकडे दाबत बसायची. ताई मात्र एका संध्याकाळी नूडल्सच्या गाडीसमोर एकदम थबकल्या आणि म्हणाल्या, “अगं, ही तर पावकी आहे!”

आणि होतीच. 1000 रिएल म्हणजे पाव डॉलर. एक पाव पाव, बे पाव अर्धा, तीन पाव पाऊण, चार पाव एक. सात हजारांची थाळी? सात पाव पावणेदोन. अकरा हजारांचा क्रमा, म्हणजे तिकडचा पंचा? पावणेतीन.

आमच्या आजोबांनी आम्हा भावंडांकडून पावकी-निमकी-पाऊणकी घोकून घेतली तेव्हा दशमान नाणी येऊन कितीतरी वर्षं लोटली होती. आणे-पैचा जमाना 1957 सालीच संपला होता. आजोबा सांगलीला हळदीच्या अडतीवर हिशेब लिहायचे. दिवेलागणीला ओसरीच्या पायरीवर आम्हाला ओळीने बसवायचे आणि स्वतः खांबाला टेकून डोळे मिटायचे. आम्हाला वाटायचं, झोपले. मग कुणीतरी मुद्दाम ‘नऊ पाव अडीच’ म्हणून बघायचं, आणि मिटल्या डोळ्यांनी आवाज यायचा, “सव्वादोन. पहिल्यापासून.” समोरच्या बोळात विटीदांडू चालू असायचा. माझा धाकटा चुलतभाऊ सात पाव आला की हटकून रडायला लागायचा. सातावर त्याचं काय घोडं अडायचं कोण जाणे. शाळेत हे कुणी विचारत नाही, दुकानात लागत नाही, मग कशाला, असं एकदा मी विचारलं. आजोबा म्हणाले, “नाणी बदलतील गं. पाव कुठे जातोय?” त्यांना स्वतःला सोलापूरच्या पलीकडे गेलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

कंबोडियाचं आणि आकड्यांचं नातं तसं जुनं आहे. मेकाँगच्या काठी संबोर इथे सापडलेल्या एका शिलालेखात सन कोरलेला आहे 605, आणि त्यातलं शून्य म्हणजे नुसता एक ठिपका. हे 605 आहे शकातलं, आपल्या पंचांगाच्या पहिल्या पानावर असतं त्याच शकातलं. त्यात 78 मिळवले की इसवी सन 683. वद्य पंचमीचा उल्लेखही त्यात आहे. तारीख असलेली इतकी जुनी शून्यं जगात फार थोडी. आता त्याच देशात साध्या नारळपाण्याला तीन शून्यं लागतात.

आम्ही गेलो होतो एप्रिलमध्ये, तिकडचं नववर्ष उरकल्यावर. एप्रिलमध्ये तिकडे कुणी शहाणा माणूस जात नाही, आणि शहाणी माणसं नसली की खोल्या पडत्या भावात मिळतात. गेस्ट हाऊसमध्ये गेलं की पहिला प्रश्न एकच: फॅन की एसी? फॅनची 8 डॉलरला, एसीची 14 ला. ताईंनी विचार न करता “फॅन” म्हणून टाकलं आणि नंतर रात्रभर पंख्याखाली ओला पंचा अंगावर घेऊन पडून राहिल्या. पंखा गरम हवा मन लावून ढवळत होता. खाली गेस्ट हाऊसची मालकीण झोपाळ्यात, म्हणजे दोन खांबांना टांगलेल्या जाळीत, स्वस्थ घोरत होती. तिच्याकडे एसी होता. लावला नव्हता.

काटकसरीचीही एक चैन असते, हे मला तिथे पहिल्यांदा जाणवलं. शेजारच्या खोलीत युरोपातला एक तरुण होता. किलोवर कपडे धुऊन देणाऱ्या बाईशी तो अर्ध्या डॉलरवरून हुज्जत घालत होता. त्याच्या गळ्यातल्या कॅमेऱ्यात त्या बाईचं घर बांधून झालं असतं. आम्ही दोघींनी त्याला मनसोक्त नावं ठेवली. मग दुपारी ताईंनी क्रमा घेतला, तो चौकड्यांचा सुती कपडा, जो तिकडे डोक्याला, कमरेला, मुलाला झोळीत बांधायला, सगळ्याला चालतो. बाईने सांगितले पाच डॉलर. ताई निघाल्या. चार. ताई चालतच राहिल्या. शेवटी पावणेतीनला सौदा झाला. परत येताना ताईंचा चेहरा असा की वाटावं, शेअर बाजार जिंकून आल्या.

अंकोरला, त्या जुन्या देवळांच्या नगरीत, मात्र ताई हरल्या. तिथे भाव करायला समोर माणूसच नसतो, काच असते. तीन दिवसांचा पास 62 डॉलर, पासावर आपला फोटो, विषय संपला. ताईंनी मनात रुपये केले आणि काही क्षण त्या कुणाशीच बोलल्या नाहीत. पण बँकवाल्या बाईला नियमांत फट दिसतेच. संध्याकाळी पाचच्या सुमाराला उद्याचा पास काढला तर आजचा सूर्यास्त आत जाऊन बघता येतो, दिवस मोजला जात नाही. ही बातमी ताईंनी कुठून काढली माहीत नाही. तो सूर्यास्त बेताचाच होता, ढगात गेला. तरी त्या सहलीतलं ताईंचं सगळ्यात आवडतं दृश्य तेच. अंकोरवाटच्या पूर्वेच्या भिंतीवर समुद्रमंथन आहे, जवळजवळ पन्नास मीटर लांब. एका बाजूला असुर, दुसऱ्या बाजूला देव, मध्ये विष्णू, आणि वासुकी सगळ्यांच्या हातांतून ओढला जातोय. ते बघायला खरं तर एक अख्खा दिवस हवा. आम्ही तासभर दिला. मग भूक लागली.

भुकेचा प्रश्न ताई शाकाहारी असल्याने बिकट. तिकडे भाजीतही माशाचं पाणी असतं, आणि प्राहोक नावाचा आंबवलेल्या माशांचा गोळा कशात असेल सांगता येत नाही. पण वाफाळता पांढरा भात जिथे-तिथे. ताईंच्या पिशवीत मेतकूट होतं. एवढंच पुरलं.

परतीचा, म्हणजे राजधानीकडचा प्रवास आम्ही बसने न करता शेअर टॅक्सीने केला, कारण ती स्वस्त पडेल असा ताईंचा अंदाज. सांगलीकडच्या माणसाला वडापचं कौतुक सांगायची गरज नाही, पण त्यांचं वडाप म्हणजे जुनी टोयोटा कॅमरी. मागे चार माणसं, पुढच्या एका सीटवर दोन, आणि अगदी वेळ आली तर ड्रायव्हरच्या सीटवर ड्रायव्हरच्या जोडीला आणखी एक. गाडी भरेपर्यंत हलत नाही. ऐसपैस बसायचं तर जास्त सीटचे पैसे भरायचे. ताईंनी दोघींच्या मिळून तीन सीट ठरवल्या, म्हणजे एकीला दीड. ही दिडकी ड्रायव्हरला समजावताना पंधरा मिनिटं गेली.

आमच्या शेजारी पान खाणाऱ्या एक आजी होत्या, मांडीवर टोपली, टोपलीत दोन बदकं. आम्ही किती दिले ते त्यांनी बोटांनी विचारलं. ताईंनी बोटांनीच सांगितलं. आजी क्षणभर गप्प, आणि मग पुढे पाऊण तास त्या ड्रायव्हरला तिकडच्या ख्मेर भाषेत झाडत होत्या. शब्द एक कळला नाही, आशय सगळा कळला. ड्रायव्हर आरशात बघून हसत होता. आमचे पैसे काही परत आले नाहीत. वाटेत रस्त्याकडेला थंड पेयांच्या आणि दारूच्या बाटल्यांत पिवळसर पेट्रोल मांडून ठेवलेलं. एका ठिकाणी थांबून ड्रायव्हरने दोन बाटल्या टाकीत ओतल्या. आजींनी त्याही भावावर काहीतरी टोमणा मारला. उतरताना त्यांनी ताईंच्या गालाला हात लावला आणि बदकांसकट गर्दीत गेल्या.

नॉम पेन्हमध्ये उकाडा इतका की सावलीलाही चटके. तिथे ‘वाट नोम’ नावाच्या देवळापासून जवळच पैशाचं म्युझियम आहे, 2019 साली उघडलेलं. आम्ही आत गेलो ते इतिहासासाठी नव्हे. दारातून गार हवेचा झोत आला होता, आणि इतक्या फॅनच्या रात्रींनंतर तिकिटाचे पैसे एसीवरच वसूल होतील असं ताईंनी ठरवलं.

ख्मेर रूज, म्हणजे तिकडचे कट्टर कम्युनिस्ट बंडखोर, 17 एप्रिल 1975 ला या शहरात शिरले, शहर रिकामं केलं आणि पैसा बंद करून टाकला. एखादी नोट नव्हे, पैसाच. बाजार नाही, पगार नाही, राष्ट्रीय बँकेची इमारत उडवून दिलेली. त्यांनी स्वतःच्या नव्या नोटा छापून घेतल्या होत्या, त्याही कधी चलनात आणल्या नाहीत. त्या राजवटीत पंधरा ते वीस लाख माणसं गेली. 1979 च्या जानेवारीत ती संपली तेव्हा देशात चलन असं नव्हतंच. लोक तांदूळ मापून व्यवहार करायचे. रिएल परत आला 1980 च्या मार्चमध्ये. डॉलरचा पूर आला तो त्यानंतर बारा-तेरा वर्षांनी, संयुक्त राष्ट्रांची माणसं शांतता राखायला आली तेव्हा.

ताई 2016 च्या नोव्हेंबरात काउंटरवर होत्या. त्या दिवसांत घरी आल्या की चप्पल न काढता सोफ्यावर बसायच्या आणि पाणी मागायलाही तोंड उघडायचं नाही. म्युझियममध्ये त्या एका पाटीसमोर तशाच उभ्या राहिल्या, पर्स छातीशी धरून. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, “मग माणसं मीठ कसं आणत असतील?”

मी काय सांगणार. मग त्या म्हणाल्या, “त्या गाडीतल्या आजी तेव्हा पंचविशीच्या असतील.” मनातल्या मनात वजाबाकी करून झाली होती.

आम्ही बाहेर आलो. ऊन तसंच. रिक्षावाल्याने आठ हजार सांगितले. मला वाटलं, आज ताई गपचूप बसतील. “सहा,” ताई म्हणाल्या. तो सातावर आला. ताईंनी माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, आणि पावणेदोन डॉलरमध्ये आम्ही गेस्ट हाऊसकडे निघालो.