वरची खोली

लातूरला औसा रोडच्या बाजूचं घर. परस्पर संमतीने घटस्फोट घ्यायचं ठरलेलं, फक्त घराच्या किमतीवर अडलेलं. दोन्ही वकिलांनी मिळून मला बोलावलं. मी नोंदणीकृत मूल्यांकनकार. एरवी बँकेच्या कर्जासाठी घर पाहायला जातो, तेव्हा घरातल्या सगळ्यांना किंमत जास्तच हवी असते. घटस्फोटात मात्र घर ठेवणाऱ्याला ती कमी हवी असते आणि सोडणाऱ्याला जास्त. म्हणून मी दोघांनाही हजर राहायला सांगतो.

प्लॉट तीस बाय पन्नास, नवऱ्याच्या नावावर. खरेदीखत, मालमत्ता पत्रक, मंजूर नकाशा, सगळं फाइलला व्यवस्थित लावलेलं. आमच्याकडे 1993 चा भूकंप पाहिलेला माणूस आधी कॉलम बघतो. ते चांगले होते. खालचा मजला नकाशाप्रमाणे जुळला. जिना चढून गेलो तर वर बारा बाय पंधराची एक खोली. नकाशात ती नव्हतीच.

"ती धरू नका साहेब. परवानगी नाही तिला," नवरा म्हणाला.

मॅडम जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. काही न बोलता त्या खाली गेल्या आणि एक जुनी वही घेऊन आल्या. 2015 चा उन्हाळा. सळई, सिमेंटच्या गोण्या, वाळू, मिस्त्रीची मजुरी, तारीखवार. त्यांच्या पगारातून. मधेमधे एकच शब्द पुन्हापुन्हा येत होता: टँकर. स्लॅब टाकल्यावर आठ-पंधरा दिवस तो ओला ठेवावाच लागतो, नाहीतर काँक्रीटला ताकद येत नाही. आणि लातूरचं पाणी तेव्हा आटत चाललेलं. पुढच्याच वर्षी ते मिरजेहून रेल्वेने आणावं लागलं. त्या दिवसांत विकतच्या पाण्यावर पिकवलेला हा स्लॅब. मी वर पाहिलं. एक भेग नव्हती.

घराची किंमत किती, एवढंच माझा अहवाल सांगतो. पैसा कोणाचा, हे नाही. आपल्याकडे घटस्फोटात घर आपोआप अर्धं-अर्धं होत नाही. नाव एकाचं असेल तर दुसऱ्याला आपण काय घातलं ते दाखवावं लागतं. आणि या बाईंचा पैसा नेमका कागदावर नसलेल्या खोलीत गेलेला. खोली सोडून दिली तर तो पैसाच गायब होणार. खालच्या मजल्याच्याच दराने धरली तर अहवाल खोटा ठरणार, कारण बिनपरवानगीच्या बांधकामाला घेणारा तेवढा भाव देत नाही, आणि उद्या महापालिकेची नोटीसही येऊ शकते.

मी खोली वेगळी लिहिली. आजचा बांधकाम खर्च, त्यातून घसारा वजा, नियमित करून घ्यायचा अंदाजे खर्च वजा, आणि "मंजूर नकाशात नाही" हा शेरा. खोलीसह आणि खोलीशिवाय, दोन्ही बेरजा द्यायचं ठरवलं. वहीची झेरॉक्स वकिलांकडे द्या, असं मॅडमना सांगितलं. ते माझं काम नव्हतं. पण नवऱ्यासमोरच सांगितलं.

ते कठड्याला टेकून ऐकत होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "रात्री दोन-दोनला उठून टँकरचं पाणी मी चढवलंय वर. तेवढं नसंल लिहिलं हिनं."

मॅडमनी दोन पानं उलटली आणि वही त्यांच्यापुढे धरली. तारखेखाली लिहिलं होतं: टँकर, रात्री 2. ह्यांनी पाणी चढवलं.